विजेची चूल आणि ओलें सोंवळें

गेल्या वर्षीं आमच्या हर्णे येथील घरीं भट्टीसह उभी अशी विजेची चूल आली. ७००० वॅटची ही चूल २३० व्होल्टवर सुमारें ३० अँपिअर प्रवाह ओढते. १६ अँपिअरच्या प्लगास तो भार सोसत नाहीं. म्हणून वायरमननें मुख्य बोर्डापासून स्वतंत्र जाड तार आणली, व चूल पुढें कलंडूं नये म्हणून ती मागील भिंतीशीं जखडली.

परंतु खरा दोष अंगणांत निघाला. खाऱ्या वाऱ्यानें अर्थिंगचा जोड गंजून तुटला होता. दिवे लागत असल्यानें कोणाच्या ध्यानींही आलें नव्हतें. आमच्या मातुःश्री तर स्नान करून ओलेत्यानें, अनवाणी स्वयंपाकास उभ्या राहतात! चुलीच्या पत्र्यांत वीज उतरती, तर तिला जमिनींत जाण्यास त्यांच्या देहावांचून वाट नव्हती.

नवें अर्थिंग घातलें. ३० मिलिअँपिअर गळती होतांच प्रवाह तोडणारा स्विच बसविला. मग मातुःश्रींस विनविलें, "सोंवळें पाळावें, पण कोरडें."

त्या हंसून म्हणाल्या, "जुन्या चुलीला रोज पोतेरें लागे, हिला पाण्याचाच विटाळ म्हणा!"

दुसऱ्या दिवसापासून त्या कोरडें नेसून स्वयंपाकास उभ्या राहूं लागल्या.