छत्तिसाव्या वर्षी एम.टेक.

छत्तिसाव्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसलं की सगळ्यात आधी कळतं ते हे, की आपल्याला हाताने लिहिता येत नाही. बारा वर्षं नुसता कीबोर्ड बडवल्यावर एकदम अडीच तास पेनने लिहायचं म्हणजे काय, ते ज्याचा अंगठा दुखतो त्यालाच माहीत. पहिल्या सेमिस्टरच्या पहिल्या पेपरात चाळिसाव्या मिनिटाला माझा हात संपावर गेला. शेजारचा चोवीस-पंचवीसचा मुलगा पुरवणी मागत होता, आणि मी आपला बोटं मोडत बसलेलो.

तर सांगायचं म्हणजे, मी एम.टेक. केलं. नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारचे ऑनलाइन वर्ग आणि सेंटरवर जाऊन परीक्षा, असं. २०२२ च्या जुलैत प्रवेश घेतला, २०२४ च्या उन्हाळ्यात निकाल लागला. विषय माहिती तंत्रज्ञान, आणि त्यात माझा भर एंटरप्राइज नेटवर्किंगवर. म्हणजे सोप्या भाषेत, मोठ्या कंपनीच्या पंचवीस-तीस ऑफिसांमधली कॉम्प्युटरं एकमेकांशी नीट बोलतात की नाही, हे बघायचं शास्त्र. फी दोन लाख चाळीस हजार, चार हप्त्यांत. गृहकर्जाचा हप्ता होताच, त्याला जोडीदार मिळाला.

"एवढ्या वर्षांच्या अनुभवानंतर कशाला?" असं सगळ्यांनीच विचारलं. आईने विचारलं, "अरे, अजून किती शिकणार? पोरीचं शिक्षण बघ आता." त्यांना मी ज्ञानपिपासा वगैरे उत्तरं दिली. खरं कारण भीती हे होतं. आमच्या ऑफिसातलं निम्मं डेटा सेंटर तोवर क्लाउडवर गेलं होतं. जिथे रॅक होते तिथे आज टेबल टेनिसचं टेबल आहे. रॅकबरोबर टीममधले दोघंही गेले. दोघंही माझ्यापेक्षा हुशार. त्यांना राउटरवरच्या कमांड झोपेत विचारल्या तरी यायच्या, आणि नेमकं तेच कुणाला नको होतं.

आमच्या धंद्यात सर्टिफिकेटांची चलती फार. सीसीएनए असो की आणखी काही, तीन वर्षांनी ते शिळं होतं, मग पुन्हा परीक्षा. मी ती केली आहेत आणि त्यांना नावं ठेवणार नाही, माझी पहिली नोकरी त्यांच्यामुळेच मिळाली. पण सर्टिफिकेट तुम्हाला 'कसं' शिकवतं. ही कमांड द्या, हा पोर्ट असा लावा. 'का' ते तिथे फारसं कुणी विचारत नाही. मला वाटायचं, 'का' विचारणं ही प्रोफेसर लोकांची हौस. हे मत पहिल्या सेमिस्टरमध्येच बदललं, आणि तेही एका जुन्या प्रकरणामुळे.

झालं असं होतं, की तेव्हाच्या आमच्या ऑफिसात एके दिवशी अख्खा मजला बंद पडला. ना फोन, ना मेल, ना प्रिंटर. दीड तास आम्ही कुत्र्यासारखे पळत होतो. शेवटी कॉन्फरन्स रूमच्या टेबलाखाली एक छोटा पाच पोर्टांचा स्विच सापडला. कुणीतरी एक मोकळी लोंबणारी केबल दिसली म्हणून तिची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये नीटनेटकी खोचून ठेवली होती. बिचाऱ्याने आवराआवर केली होती! ती केबल काढली, दोन सेकंदांत मजला जिवंत. तेव्हापासून मी प्रत्येक पोर्टवर त्यावरचं संरक्षण चालू करायचो. देवाला नमस्कार केल्यासारखं, न विचारता.

आता गंमत बघा. वर्गात कळलं की आयपीच्या पॅकेटमध्ये एक आयुष्याचा आकडा असतो. दर राउटरला तो एकाने कमी होतो आणि शून्य झाला की पॅकेट मरतं. इथरनेटच्या फ्रेमला तसला आकडाच नाही. ती अमर. वर्तुळात सापडली की फिरतच राहते, आणि सगळ्यांसाठी असलेली फ्रेम असेल तर प्रत्येक फेरीला तिच्या आणखी प्रती निघतात. म्हणून नेटवर्कमध्ये वर्तुळच राहू द्यायचं नाही, जादा वाटा झोपवून ठेवायच्या आणि एक झाड तेवढं जागं ठेवायचं. ही युक्ती रेडिया पर्लमन या बाईंनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना काढली, आणि वर त्या अल्गोरिदमवर एक कविताही केली. मजल्याचं प्रकरण डोक्यात होतंच. रविवारी सकाळी अकरा वाजता, गार पोह्यांची बशी शेजारी ठेवून, मला माझ्याच जुन्या नोकरीतला दीड तास समजला. हे सुख पगारात मोजता येत नाही. (बायकोने मोजलं. "मग पोहे परत गरम करू की नको?")

दुसरं सेमिस्टर गणिताचं. इथे बरेच जण गळतात. क्यूइंग थिअरी, म्हणजे रांगेचं गणित. याची सुरुवात १९०९ ची. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एरलांग नावाच्या डॅनिश गणितज्ञाने किती कॉल येतील आणि किती लोकांना थांबावं लागेल याचा हिशोब मांडला. ना कॉम्प्युटर, ना इंटरनेट, पण गणित आजही तेच.

त्यातला सगळ्यात साधा नमुना घ्या. एक खिडकी, एक रांग. खिडकीवर एका माणसाला सरासरी एक मिनिट लागतं. खिडकी निम्मा वेळ कामात असेल तर माणूस आल्यापासून जाईपर्यंत सरासरी दोन मिनिटं. ऐंशी टक्के वेळ कामात असेल तर पाच मिनिटं. नव्वदला दहा. पंचाण्णवला वीस. नव्व्याण्णवला शंभर! म्हणजे नव्वद आणि नव्व्याण्णव यांत वापर वाढतो जेमतेम दहा टक्के, थांबणं होतं दहापट. मी हे वहीत तीनदा मांडून बघितलं. आपल्याकडे कुठल्याही ऑफिसात "रिसोर्स शंभर टक्के वापरला गेला पाहिजे" म्हणणारा एक तरी साहेब असतो. त्याला हे गणित फ्रेम करून द्यावं असं फार मनात आहे.

आणि ते खरंच कामाला आलं. आमच्या एका शाखेत फोनवरचे आवाज तुटायचे. तिथला मॅनेजर म्हणे मोठी लाइन घ्या, आमचे साहेब ग्राफ दाखवत म्हणे की लाइन सत्तर टक्केच भरलेली आहे, कशाला पैसे घालायचे? दोघंही वर्षभर भांडत होते. मी इतकंच केलं, की तो ग्राफ पाच मिनिटांची सरासरी काढतो हे फळ्यावर मांडलं. पाच मिनिटांत सत्तर टक्के म्हणजे मध्ये काही सेकंद शंभर आणि काही सेकंद चाळीस. आवाजाचं पॅकेट नेमकं शंभरवाल्या सेकंदात आलं की रांगेत अडकलं, आणि उशिरा पोचलेला आवाज हा न पोचलेलाच. मोठी लाइन घेतली नाही. आवाजाला वेगळी रांग दिली, आणि दुपारी चालणारा बॅकअप रात्री ढकलला. तक्रारी थांबल्या. बारा वर्षांच्या अनुभवावर मी हेच दोन उपाय सुचवले असते, नाही असं नाही. पण तेव्हा साहेबांनी विचारलं असतं "कशावरून?" तर माझ्याकडे "असंच करतात" एवढंच उत्तर होतं.

तिसऱ्या सेमिस्टरमध्ये बाबांची अँजिओप्लास्टी झाली. त्याच महिन्यात रात्रीच्या ऑन-कॉलची माझी पाळी, लेकीची चौथीची परीक्षा, आणि माझ्या दोन असाइनमेंट. हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकावर टॅनेनबॉमचं जाडजूड पुस्तक उघडून बसायचो. एक पान तीनदा वाचायचो आणि चौथ्यांदा परत पहिल्यापासून. एक पेपर हुकला, तो नंतर दिला. बाबा घरी आले त्या रात्री मी जाहीर केलं की पुरे, सोडतो. पदवीशिवाय काही अडलेलं नाही.

बायको भांडी लावत होती. तिने मागे वळूनही बघितलं नाही. म्हणाली, "सोडायचं तर सोड. मी अडवणार नाही. पण माझे चौदा महिन्यांचे शनिवार-रविवार कुठल्या खात्यात टाकायचे, तेवढं सांग."

मला उत्तर देता आलं नाही. चौदा महिने लेकीचा पोहण्याचा क्लास, सोसायटीची मीटिंग, माझ्या आईबाबांची औषधं, लग्नामुंजीतल्या हजेऱ्या, सगळं तिच्याकडे. ती स्वतः नोकरी करते. आणि यातलं काहीही माझ्या गुणपत्रिकेवर येणार नव्हतं. असे कोर्स करणाऱ्यांच्या यशोगाथा मी बऱ्याच वाचल्या आहेत. पहाटे चारला उठून अभ्यास वगैरे. त्या चार वाजता उठणाऱ्याला सात वाजता चहा कोण देतं, ते त्यात नसतं. मी सोडलं नाही, याला कारण माझी जिद्द नव्हती. ते वाक्य होतं.

असो. त्याच सेमिस्टरमध्ये एक धडा असा आला की मी हॉस्पिटलच्या बाकावर एकटाच हसलो. १९८६ च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली लॅब आणि तिथलं विद्यापीठ, मधलं अंतर चारशे यार्ड, म्हणजे चालत पाच मिनिटं. त्यांच्यातला डेटाचा वेग सेकंदाला बत्तीस हजार बिटांवरून चाळीसवर आला. चाळीस हजार नव्हे, नुसते चाळीस. वायर शाबूत होती, यंत्रं चालू होती. झालं होतं एवढंच, की पोच आली नाही म्हणून प्रत्येक कॉम्प्युटर तेच पॅकेट पुन्हा पाठवत होता, त्यामुळे रांग आणखी भरत होती, म्हणून पोच आणखी उशिरा येत होती, म्हणून तो आणखी पाठवत होता. संध्याकाळी साडेसहाला हिंजवडीच्या शिवाजी चौकात जे होतं ते. सगळ्यांची इंजिनं चालू, सगळे हॉर्न वाजवतायत, आणि पुढे कुणीच जात नाही.

व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये यावरचा उपाय छापला. पॅकेट हरवलं की जोर लावायचा नाही, उलट माघार घ्यायची. हळू सुरुवात करायची, जमेल तसं वाढवत न्यायचं, हरवलं की पुन्हा कमी. कुठलाही पोलीस नाही, केंद्रीय नियंत्रण नाही, प्रत्येकजण आपापला आवरतो. बारकावे नंतर खूप बदलले, नव्या पद्धती आल्या, पण तुम्ही आत्ता हे वाचताय तेही तसल्याच समंजसपणावर चाललंय. चौकात का जमत नाही, हा वेगळा निबंध.

चौथं सेमिस्टर म्हणजे प्रबंध. मी विषय घेतला तो आमच्याच शाखांच्या लाइनींवरच्या रांगांचा. आकडे वापरायची परवानगी मिळवण्यात सात आठवडे गेले. सिक्युरिटीवाले म्हणत लीगलला विचारा, लीगलवाले म्हणत सिक्युरिटीला. या दोघांमध्ये जे फिरत होतं त्यालाही आयुष्याचा आकडा नव्हता. शेवटी शाखांची नावं काढून, आयपी पत्ते पुसून परवानगी मिळाली. लिहायला त्यामानाने काहीच लागलं नाही.

आता सगळे विचारतात तो प्रश्न. फायदा काय झाला? प्रमोशन झालं नाही. एचआरला पदवी पाठवली, त्यांनी उलट मेलने कळवलं की "रेकॉर्ड अपडेट केलं आहे." अभिनंदनसुद्धा नाही. पगार तेवढाच वाढला जेवढा सगळ्यांचा वाढला. मात्र डिझाइनच्या मीटिंगला आता मला बोलावतात, पूर्वी मीटिंग झाल्यावर तिकीट यायचं. आणि कॉन्फिगरेशन तर आता एआय मिनिटभरात लिहून देतं, बरंचसं बरोबरही असतं. मागच्या महिन्यात त्याने एकदा दोन शाखांमध्ये असं काही राउटिंग सुचवलं की पॅकेट जाताना एका वाटेने आणि येताना दुसऱ्या. मधला फायरवॉल अर्धंच संभाषण ऐकून सगळं अडवून बसला असता. ते वाचताना माझं बोट आपोआप थांबलं. दोन लाख चाळीस हजारांपैकी थोडे त्या दिवशी वसूल झाले म्हणायला हरकत नाही.

ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी दोनच गोष्टी. कंपनी फी देणार असेल तर बाँड नीट वाचा, किती वर्षं अडकताय ते आकड्यात बघा. आणि तुम्ही बावीस-तेवीसचे असाल तर आधी तीन-चार वर्षं कुठेतरी मार खा, मग या. माझ्या शेजारी बसणाऱ्या त्या मुलाला माझ्यापेक्षा कायम जास्त मार्क पडले, पण मजला बंद पडण्याची गोष्ट मी सांगितली तेव्हा त्याला ती नुसती विनोदी वाटली.

येत्या जुलैपासून बायकोचा वर्ग सुरू होतोय. डेटा अ‍ॅनालिटिक्स, दीड वर्ष, शनिवार-रविवार सकाळी नऊ ते एक. फॉर्म तिने माझ्या निकालाच्या आठवड्यातच आणून ठेवला होता, मला आत्ता दाखवला. पोहण्याचा क्लास, सोसायटी आणि आईबाबांची औषधं माझ्याकडे आली आहेत. त्याची यादी फ्रिजवर लावली आहे. परवा पहिल्यांदा पोहे केले. लेक म्हणाली, "बाबा, मीठ?"