आम्ही आमच्यासमोर

स्पर्धेसाठीं स्वतःचेंच तैलचित्र पाठवावें असें आम्हीं ठरविलें, तेव्हां घरच्यांनीं विचारलें, “दुसरें कोणी मिळालें नाहीं का?” प्रश्न रास्त होता. परंतु आरशांतला हा नमुना फुकट बसतो, आणि चित्र कसेंहि उतरलें तरी रुसत नाहीं. ऑस्ट्रेलियांतील आर्चिबाल्ड पारितोषिक १९३४ सालीं हेन्री हँके यांनीं आत्मचित्रावरच मिळविलें होतें.

मात्र आरसा हा पुरता विश्वासू साक्षीदार नव्हे. तो उजव्याचें डावें करतो; त्यामुळें आमच्या चित्रांतील गृहस्थ डावखुरा दिसतो. तैलरंगांनाहि घाई खपत नाहीं. जवसाचें तेल पाण्यासारखें उडून जात नाहीं. हवेंतील प्राणवायु शोषून तें घट्ट होतें. म्हणून खालचे थर टर्पेंटाइननें पातळ केलेले व वरचे अधिक तेलकट, हाच क्रम राखावा लागतो. उलट केल्यास पुढें भेगा पडतात.

या सक्तीच्या संथपणामुळें आत्मस्तुतीला थारा मिळत नाहीं. पहिल्या दिवशीं आपण स्वतःला दहा वर्षांनीं तरुण करतों. पण थर वाळेपर्यंत डोळ्यांखालच्या सुरकुत्या आपला हक्क मागूं लागतात. रेम्ब्रांटनें सुमारें चाळीस वर्षें स्वतःला रंगविलें, आणि १६६९ सालीं, म्हणजे मृत्यूच्याच वर्षीं काढलेल्या चित्रांतहि वार्धक्य लपविलें नाहीं.

परीक्षक काय ठरवावयाचें तें ठरवोत. पन्नाशी उलटलेल्या माणसाकडे इतकें निरखून पाहणारें दुसरें कोण भेटतें? एरवीं आपण आपल्या चेहऱ्याकडे दाढीपुरतेंच पाहतों.