सोंगांची शिलाई

बोहारणीसाठी काढलेल्या गठ्ठ्यातून मी दर वेळी एक-दोन साड्या गुपचूप मागे घेते. पदर फाटलेला असला, निरीच्या जागी विरलेली असली, तरी मधलं अंग बहुधा धड असतं. सहावारीच्या साडेपाच मीटर कापडातून पाच वर्षांच्या राजांचे तीन झगे आरामात निघतात.

झगा अर्ध्या वर्तुळाचा कापावा. कापड फरशीवर अंथरायचं, काठाच्या मध्यावर दोऱ्याचं एक टोक अंगठ्याने दाबून धरायचं, दुसऱ्या टोकाला खडू बांधायचा आणि कंपास फिरवतात तसा तो फिरवायचा. घेराच्या ज्या भागात धागा तिरपा पडतो, तिथलं कापड स्वतःच्या वजनाने लोंबतं. म्हणून लगेच दुमडून टीप मारू नये. रात्रभर खुंटीला टांगावं, सकाळी लोंबलेलं कातरावं, मग हेम घालावं. सुती साडी निमूट शिवून घेते. जॉर्जेट मशीनच्या दातांखालून निसटतं, आणि सॅटिनचे धागे सुटायचे थांबत नाहीत. गळ्याशी नाडी मात्र कधीच नको. राजा धावणार आणि झगा दाराच्या कडीत अडकणारच. वेल्क्रो लावला की ताण पडताच फर्रकन सुटतो. कुत्र्याला फिरवून आणल्यावर त्याच्या केसांत अडकलेली काटेरी फळं निरखून जॉर्ज द मेस्ट्राल या स्विस इंजिनिअरने तो शोधला. आमच्या घरातले सगळे राजे त्याचे देणेकरी आहेत.

मुलांना नटवायची हौस आपल्याकडे मुळातच दांडगी. बोरन्हाणाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने, गोकुळाष्टमीला मोरपीस, आषाढीला शाळेच्या दिंडीत कडेवरचा विठोबा. छानच दिसतं ते. माझ्याकडेही फोटो आहेत. पण त्यात पोराने कोण व्हायचं हे आपण ठरवतो. फॅन्सी ड्रेसच्या स्पर्धेत तर भाड्याचा जिरेटोप कपाळावर घसरत असतो, मिशी खाजत असते आणि विंगेतून आई भाषण पुटपुटत असते. खेळातलं सोंग याच्या अगदी उलट. कोण व्हायचं ते पोरं ठरवतात, आणि दहा मिनिटांत बदलतातही.

नाटकातले कपडे लांबून दिसावेत म्हणून शिवतात. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये ‘मधुमंजिरी’ हे बालनाट्य रंगमंचावर आणलं, तेव्हापासून मराठी मुलांनी असे झगमगीत पोशाख डोळे विस्फारून पाहिले. दिलीप प्रभावळकरांची चिंची चेटकीण पाहून आमच्या पिढीतली पोरं घरी येऊन चेटकीण व्हायची ती आईच्या काळ्या परकरात. खेळातला कपडा बघणाऱ्यासाठी नसतोच. म्हणून माझे नियम वेगळे : मागे हुक नको, कमरेला इलॅस्टिक, उघडझाप पुढून, टिचबटणं मोठी. मोठ्या माणसाला हाक न मारता चढवता-उतरवता आला पाहिजे. आणि खिसा हवाच. राक्षसालाही खडे ठेवायला जागा लागते.

मारुतीची शेपूट हा माझा आवडता प्रकार. जुन्या परकराची लांब पट्टी उलटी दुमडून टीप मारायची, टोकाला सेफ्टी पिन अडकवून नाडी ओवतात तशी आतून सरकवत नळी सुलटी करायची आणि चिंध्या ठासून भरायच्या. लांबी गुडघ्यापर्यंतच, नाहीतर पायात येते. आत तार घालून शेपूट उभी करा, असं सुचवणारे पुष्कळ भेटतात. तार टोचते, शिवाय ताठ शेपटीशी करायला काही उरत नाही. लोंबती शेपूट हातात धरून गरगरा फिरवता येते, लंका पेटवता येते, भावाला ओढता येतं. वटवाघळासाठी मोडकी छत्री सांभाळून ठेवावी : काड्या काढून कापड मधोमध कापलं की दोन पंख तयार, कडेची नक्षीही आयती.

पण हल्ली राजाला गिऱ्हाईक कमी. नातीने मध्ये पाठीवरची चौकोनी पिशवी शिवून मागितली आणि बेल वाजवून दारात उभी राहिली. “आजी, ओटीपी सांगा.” मी काहीतरी चार आकडे सांगितले. “चुकीचा आहे,” म्हणाली आणि पार्सल घेऊन निघून गेली.

धाकट्याला जेसीबी व्हायचं आहे. ब्लाउजचं पिवळं रुबिया घरात पडलेलं होतं, त्याच्या ढगळ बाह्या बेतल्या, कोपराशी काळी पट्टी लावली. पुढचं खोरं पुठ्ठ्याचं करू की डालड्याच्या जुन्या डब्याचं, म्हणून विचारायला गेले, तर तो एका हाताने कुंडीतली माती उपसत होता. “खोरं आहे ना, आजी. तू फक्त दिवा लाव वरती.”