अपास्ताकार नरसाळ्यातील भोवरा

पाण्याच्या भोवऱ्याची रचना पाहण्यासाठी जी खास नरसाळी वापरली जातात, त्यांची भिंत सरळ उतरत नाही. ती अपास्त या वक्राप्रमाणे, म्हणजे त्रिज्या जसजशी कमी होईल तसतशी खोली व्यस्त प्रमाणात वाढवणाऱ्या रेषेप्रमाणे, सनईच्या तोंडासारखी वर पसरट आणि खाली निमुळती होत जाते. या आकाराचा प्रसार ऑस्ट्रियातील वनाधिकारी व्हिक्टर शाउबर्गर (१८८५–१९५८) यांच्या विचारांतून आणि त्यांचे पुत्र वाल्टर यांच्या गणिती मांडणीतून झाला.

प्रस्तुत निरीक्षणात असे एक पारदर्शक नरसाळे आणि साधे शंकूच्या आकाराचे नरसाळे शेजारी शेजारी ठेवून, दोन्हींत आधी नळी केंद्राकडे रोखून आणि नंतर काठाला स्पर्शरेषेत लावून पाणी सोडण्यात आले. केंद्राकडे रोखलेले पाणी दोन्हीकडे बुडबुडत, हवेचे गोळे वर सोडत उतरले. नळी काठाला लावताच पाणी फिरू लागले, मधोमध हवेचा गाभा उघडला आणि गाभा तळाच्या तोंडापर्यंत पोहोचताच बुडबुडणे थांबले. नळाची धार तीच असूनही पाण्याची पातळी मात्र वर चढली, कारण निर्गमाच्या तोंडाचा काही भाग आता हवेने व्यापला होता.

फिरणारे पाणी आत सरकताना त्याचा कोनीय संवेग, म्हणजे वेग आणि त्रिज्या यांच्या गुणाकारावर ठरणारे परिभ्रमणाचे परिमाण, घर्षण नगण्य असेल तर कायम राहतो. म्हणून १० सेंटिमीटरवरील पाणी १ सेंटिमीटरवर येईपर्यंत त्याचा वेग दहापट आणि फेऱ्यांचा दर शंभरपट होतो. अशा प्रवाहाला मुक्त भोवरा म्हणतात. त्याची खूण पटवण्यासाठी आगकाड्यांच्या तुकड्यांची छोटी फुली करून, तिच्या एका टोकाला शाई लावून ती पाण्यावर सोडली असता, रुंद तोंडापाशी ती केंद्राभोवती फिरूनही शाईचे टोक जवळजवळ एकाच दिशेला राहिले. गाभ्याजवळ येताच मात्र ती स्वतःभोवतीही गरगरू लागली.

दोन नरसाळ्यांतला खरा फरक गाभ्याच्या लांबीत होता. शंकूत तो आखूड राहिला, तर अपास्ताकार नरसाळ्याच्या लांब मानेत तो पिळलेल्या दोरासारखा खोलवर दिसत राहिला आणि धार कमीजास्त करताच त्याचा पीळ बदलला. भोवऱ्याची दिशा दोन्हीकडे नळीच्या बाजूनेच ठरली. पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम दिसण्यासाठी फार निवांत पाणी लागते: अ‍ॅशर शापिरो यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सुमारे १.८ मीटर व्यासाच्या टाकीतील पाणी २४ तास स्थिर ठेवले होते, तेव्हा कुठे घड्याळाच्या उलट दिशेचा भोवरा मिळाला.

भोवऱ्याने पाण्यात जीवनशक्ती येते, या शाउबर्गर परंपरेतील दाव्याला वैज्ञानिक मान्यता नाही. पाणी आणि हवा यांचा संपर्क वाढल्याने पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो, हे मात्र मोजता येते. नरसाळ्याचा आकार परिभ्रमण निर्माण करत नाही. काठाशी मिळालेले परिभ्रमण तो टिकवतो आणि डोळ्यांना दिसेल इतके लांबवतो, आणि निरीक्षणाचे साधन म्हणून त्याचे मोल एवढ्यानेच सिद्ध होते.