रेंज आली का, रेंज?

मांडीवर लॅपटॉप, हातात कॉफीचा मग आणि व्हॅनच्या मागच्या उघड्या दारातून दिसणारं जंगल. 'वर्क फ्रॉम व्हॅन'चा हा फोटो तुम्ही शंभर वेळा पाहिला असेल. त्या फोटोत एक गोष्ट कधीच नसते. व्हॅनच्या टपावर चढून, फोन आकाशाकडे धरून उभी राहिलेली घामाघूम मुलगी. ती मी. जानेवारी 2025, मुक्काम सुन्ना गेटच्या अलीकडचं एक शेत, तालुका केळापूर, जिल्हा यवतमाळ.

आधी हे सांगते की यवतमाळच का. कॅम्पर व्हॅन म्हटलं की पुण्या-मुंबईचं पब्लिक कोकण नाहीतर महाबळेश्वर गाठतं. राज्य सरकारनेही 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हे फॅड जरा वाढलंच. आम्हाला गर्दी नको होती. आम्ही म्हणजे मी आणि कॉलेजपासूनची मैत्रीण, जी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे आणि जिची सुट्टी कायम 'पुढच्या महिन्यात' असते. यवतमाळला चाललोय म्हटल्यावर तिच्या ऑफिसात सगळ्यांचा एकच प्रश्न, 'तिकडे आहे काय?' पेपरात यवतमाळ येतं ते शेतकरी आत्महत्यांच्या बातमीत, त्यामुळे लोकांचाही दोष नाही. पण तिथे टिपेश्वर आहे. जेमतेम 148 चौरस किलोमीटरचं अभयारण्य, सागाचं जंगल आणि वाघ. ताडोब्यासारखी जिप्सींची जत्रा नाही.

नागपूरहून ओळखीतून कॅम्पर भाड्याने मिळाली, सोबत ड्रायव्हर भाऊ. हायवे 44, म्हणजे आपला जुना सात नंबर. बुटीबोरी, जाम, हिंगणघाट, मग वर्धा नदीचा पूल आणि पलीकडे यवतमाळ जिल्हा. वडकी, करंजी, पांढरकवडा. दोन्ही बाजूंना कापूस, फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या फुल. मैत्रीण पांढरकवड्यापर्यंत मीटिंगमध्ये होती आणि पलीकडच्या कुणाला पत्ताही लागला नाही. व्हॅनच्या भाड्यात 'वायफाय' होतं. वायफाय म्हणजे साबणाच्या वडीएवढा पॉकेट हॉटस्पॉट.

हायवे सोडून काही किलोमीटर आत गेलो आणि काड्या एकेक करून गळाल्या. माझा एक लेख फोटोंसकट संध्याकाळी सहापर्यंत पाठवायचा होता. पाच वाजता अपलोड सुरू केलं. हिरवा दिवा लुकलुकला, केशरी झाला, लाल झाला. साडेसहाला मी टपावर होते. साडेसातला भाऊंनी गाडी हायवेकडे काढली. रेंज आली तेव्हा लेखाच्या आधी संपादकांचा मेसेज येऊन पडला. पान दुसऱ्याला दिलं होतं.

पगारदार माणसाला यातली गंमत कळणार नाही. फ्रीलान्सरचं एक मानधन बुडतं तेव्हा तेवढंच बुडत नाही. 'ती वेळेवर देत नाही' हा शिक्का बसतो आणि पुढची तीन कामं फोनच करत नाहीत. मैत्रिणीचंही काही वेगळं नव्हतं. तिला व्हॅनमधून काम करायची परवानगी एका अटीवर मिळाली होती, रोज सकाळी दहाचा कॉल चुकता कामा नये. तो चुकला. आम्ही तिसऱ्या दिवशीच परतलो.

सगळ्यात शहाणं वाक्य भाऊंनी परतीच्या वाटेवर टाकलं. 'म्याडम, तुमचा तो डबा तुम्ही पत्र्याच्या डब्यात ठेवून राहिले. रेंज कशी येईन त्याच्यात?'

बॉस, हा सगळा फंडा होता! पुण्यात एका नेटवर्क इंजिनीअर मित्राकडे गेले तर त्यानेही हेच सांगितलं, फक्त अर्धा तास लावून. व्हॅनची बॉडी पत्र्याची. पत्रा रेडिओ लहरी अडवतो. त्यात पॉकेट हॉटस्पॉटची अँटेना बोटाच्या पेरापेक्षा लहान. टॉवर दूर असला की तो बिचारा ओरडतो, पण ऐकू जात नाही. डाऊनलोड कसंबसं चालतं आणि अपलोड मरतं, कारण टॉवरकडे ताकद असते, तुमच्या डबीकडे नसते.

मग दुसरी मोठी डबी घ्यायची का? दुकानदार तेच विकतात, '300 एमबीपीएस, मॅडम'. हा आकडा टॉवरखाली उभं राहिलात तरच खरा. बघायचा आकडा वेगळा असतो, त्याला आरएसआरपी म्हणतात. फोनवरच्या काड्या फसव्या, हा आकडा फसवत नाही. तो नेहमी उणे असतो. उणे 80 म्हणजे मस्त, उणे 100 म्हणजे काम चालेल, उणे 115 च्या पलीकडे देवाचं नाव घ्या. फोनवर एखादं साधं फुकट ॲप टाकलं की दिसतो. दहाचा फरक म्हणजे दहा पट ताकद, वीसचा फरक म्हणजे शंभर पट. त्यामुळे पाच-सहा आकडे जरी सुधारले तरी नशीब बदलतं.

दुसरी गोष्ट बँडची. आपल्याकडे 4जी वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर चालतं. 850 किंवा 900 मेगाहर्ट्झची लहर लांब जाते, झाडीतूनही बरी पोहोचते. 1800 आणि 2300 वर वेग जास्त, पण दम कमी. शहरात डबी आपली आपण वेगवान बँड पकडते. रानात तिला हाताने सांगावं लागतं की बाई, खालचा बँड धर. साध्या पॉकेट हॉटस्पॉटमध्ये ही सोय बहुधा नसते. राउटरमध्ये असते.

तर आम्ही घेतलं ते असं. गाडीच्या 12 व्होल्ट बॅटरीवर चालणारा, दोन सिमचा 4जी राउटर, ज्याला बाहेरची अँटेना लावायला दोन पितळी टोकं होती. टपावर चिकटवायच्या चुंबकाच्या दोन अँटेना, कारण भाड्याच्या गाडीला भोक कोण पाडू देणार? आणि माशाच्या काट्यासारखी दिसणारी, एकाच दिशेने ओढणारी एक अँटेना, अगदीच अडलं तर. वायर तीन मीटरच्या आत, कारण लांब वायर घेतली की अँटेनाने कमावलेलं वायरच खाऊन टाकते. 5जीचा मोह टाळला. 2022 च्या ऑक्टोबरपासून देशात 5जी आलंय खरं, पण आम्हाला जिथे जायचं होतं तिथे 4जीचीच मारामार होती. एकूण खर्च साडेचौदा हजार. माझ्या बुडालेल्या मानधनापेक्षा जास्त, हे मैत्रिणीने आवर्जून दाखवून दिलं.

आणि हो, ऑनलाइन 'सिग्नल बूस्टर' म्हणून जे यंत्र मिळतं त्याच्या वाटेला जाऊ नका. परवान्याशिवाय ते लावणं आपल्याकडे बेकायदा आहे. ते तुमच्यासोबत आजूबाजूच्या सगळ्यांच्या सिग्नलमध्येही गोंधळ घालतं. राउटरला अँटेना लावणं वेगळं, हवेत नवा सिग्नल फेकणं वेगळं.

कट टू डिसेंबर 2025. तीच व्हॅन, तेच भाऊ. या वेळी मुद्दाम वर्ध्यावरून कळंबमार्गे गेलो. दर थांब्याला मी वहीत आकडा लिहीत होते, मैत्रिणीच्या मते 'डिलिव्हरी बॉयसारखी'. कळंबला चिंतामणी गणपतीचं दर्शन घेतलं. हे देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरत गेलं की फोनवरचा आकडा खाली खाली जातो आणि गाभाऱ्याशी गायबच होतो. ट्रिपमधली ही एकच जागा, जिथे आम्हा दोघींना त्याचं काही वाटलं नाही.

पांढरकवड्याला रिचार्जच्या दुकानात थांबलो. खरं तर अपग्रेडची सुरुवात इथूनच करायला हवी होती. काउंटरवरच्या पोराला विचारलं, सुन्न्याकडे कोणतं सिम चालतं? त्याने मान वरही केली नाही. 'हे नाही चालत तिकडं. ते टाका. अन् काम सकाळी करून घ्या, संध्याकाळी सगळेच येतात तं हळू होते.' माझ्या वहीतल्या दोन पानांचं सार त्याने तीन वाक्यांत सांगितलं. दोन सिम, दोन वेगळ्या कंपन्यांची, का लागतात तेही तिथे कळलं.

शेतावर पोहोचलो तेव्हा फोनवर उणे 117. टपावरच्या अँटेनाने उणे 108 केलं. मग शेतमालक काकाजींनी गोठ्यामागून एक लांब बांबू आणून दिला. त्याच्या टोकाला माशाचा काटा बांधला आणि सुरू झाला तो जुना खेळ, जो आपल्या घरोघरी दूरदर्शनसाठी चालायचा. भाऊ बांबू फिरवतायत, मी आत ओरडतेय. 'आली का?' 'नाही!' 'आता?' 'गेली! मागे घ्या!' हायवेच्या दिशेने, एका सागाच्या उजवीकडे, एका जागी तो आकडा उणे 98 वर येऊन बसला. 19 चा फरक, म्हणजे सुमारे ऐंशी पट ताकद. बांबूच्या जोरावर! दहाचा कॉल व्यवस्थित झाला. माझा लेख पाच वाजून दहा मिनिटांनी गेला.

रात्री चहा पिताना वाघाचा विषय निघालाच. 2019 मध्ये याच टिपेश्वरमधल्या एका तरुण वाघाला रेडिओ कॉलर लावली होती. तो जूनमध्ये इथून निघाला, शेतं, रस्ते, नद्या ओलांडत तेलंगणाच्या बाजूलाही फिरून आला आणि शेवटी बुलढाण्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. नऊ महिन्यांत तीन हजार किलोमीटरहून जास्त. 'वॉकर' म्हणून जगभर गाजला. त्याच्या गळ्यातली पट्टी उपग्रहाशी बोलायची, तासातासाला त्याचा ठावठिकाणा कळायचा. 'वाघाले रेंज होती,' काकाजी म्हणाले, 'आम्हाले नाही.'

मग ते जरा घुटमळले आणि खिशातून फोन काढला. 'ताई, तुमचं ते वायफाय आमच्या फोनले लागते काय जी?'

काम साधंच होतं. 2025 च्या हंगामापासून भारतीय कापूस महामंडळाला, म्हणजे सीसीआयला, हमीभावाने कापूस विकायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी लागते आणि केंद्रावर माल न्यायची तारीखही ॲपवरच घ्यायची. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामात 8110 रुपये क्विंटल होता. खेडा खरेदीवाला त्याहून कमी देतो आणि तो दारात येतो, त्याला ॲप लागत नाही. कापूस घरात भरून ठेवलेला, मुलगा पुण्याला कंपनीत. मी मोठ्या रुबाबात पासवर्ड टाकून दिला. वायफाय लागलं. ॲप उघडलं. नंबर टाकला. 'ओटीपी पाठवला आहे.'

ओटीपी येईना.

दोन मिनिटं गेली, पाच गेली. पुन्हा पाठवला. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ओटीपी एसएमएसने येतो आणि एसएमएस त्यांच्या सिमवर यायचा. त्यांच्या सिमला इथे टॉवरच नव्हता. माझ्या ऐंशी पट ताकदीच्या वायफायचा त्याच्याशी काही संबंध नव्हता! काही फोनवर वायफाय कॉलिंग चालू असलं की मेसेजही वायफायवरून येतात, पण काकाजींच्या हँडसेटमध्ये ती सोयच नव्हती. सिम काढून आमच्या राउटरमध्ये टाकू म्हटलं, तर ते ज्या कंपनीचं होतं तिचा टॉवर बांबूलाही सापडला नाही.

साडेआठ वाजले होते. भाऊ म्हणाले, 'चाला, गाडी काढतो.'

रात्री जंगलाच्या कडेने गाडी हळू चालवावी लागते. डिपरच्या उजेडात रानडुकरं आडवी गेली. काकाजी पुढच्या सीटवर, फोन दोन्ही हातांत धरून. सांगत होते की ऑगस्टपासून हेच चाललंय. ई-पीक पाहणीला शेतात उभं राहून फोटो काढायचा, मग रेंजसाठी गाडीवर बसून बाहेर यायचं. गावात फायबर आलं म्हणतात, पण ग्रामपंचायतीपासून शेतापर्यंत कोण आणणार? 2021 पूर्वी तलाठी यायचा पाहणीला. 'तो बी कधी कधी येत नव्हता,' हे त्यांनी प्रामाणिकपणे जोडलं.

मी त्यांना सांगितलं की नोव्हेंबर 2025 मध्ये राज्य सरकारने स्टारलिंकशी इरादापत्र केलंय, उपग्रहावरून इंटरनेट, गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव असे दुर्गम जिल्हे. त्यांनी ऐकून घेतलं. 'वाशीम तं शेजारीच आहे,' एवढंच म्हणाले.

पाटणबोरीच्या अलीकडे हायवेला लागलो आणि फोन थरथरला. एकामागून एक तिन्ही ओटीपी आले, तिन्ही शिळे. माझ्या फोनवर शेजारच्या राज्याच्या टॉवरने स्वागताचा मेसेज टाकला. धाब्याच्या ट्यूबलाइटखाली गाडी लावून चौथा मागवला. आला. सात-बारा, आधार आधीच भरलेले होते. पुढच्या बुधवारची तारीख मिळाली. काकाजींनी तो स्क्रीन मला तीनदा वाचायला लावला आणि भाऊंना एकदा.

चहा त्यांनीच पाजला. परत निघताना त्यांनी मागे वळून राउटरकडे पाहिलं. 'केवढ्याले पडला हा डबा?'

'साडेचौदा हजार.'

त्यांनी मनात हिशेब केला. 'म्हणजे दोन क्विंटलाले थोडा कमी.' थोड्या वेळाने, 'अन् याच्यात ओटीपी येत नाही.'

'नाही.'

दुसऱ्या दिवशी सकाळी सफारी होती. वाघ दिसला नाही. निघताना अँटेना सोडवली, बांबू परत देऊ लागले तर काकाजी म्हणाले, तिथंच उभा राहू द्या, पोरगा आला की त्याच्या फोनले लावून पाहू. हायवेला लागेपर्यंत मागच्या काचेतून तो दिसत होता, सागाच्या उजवीकडे.