सिन्नर : यादवांचें नगर आणि विलंबित लय

नाशिकहून पुण्याच्या वाटेवर सुमारें ३० किलोमीटरांवर सिन्नर लागतें. यादवांची ही आरंभींची राजधानी. येथील गोंदेश्वराचें पंचायतन उंच जोत्यावर उभें आहे. मध्यें शिवालय, भोंवतीं चार लहान देवळें. सभामंडपाच्या सावलींत बसलें असतां मनाची गति आपोआप संथ होते.

येथेंच परवां नातवानें मोबाइलवर एक संगीत ऐकविलें. विद्युत्-यंत्रांचे मंद ठेके, त्यांत तबला आणि देशोदेशींचे स्वर. इंग्लंडांत जन्मून अमेरिकेंत वाढलेले तबलावादक कर्ष काळे यांची 'रियलाइज' ही ध्वनिमुद्रिका २००१ सालीं याच वळणाची निघाली.

'हें आपलें नव्हे,' असें कित्येक घरांतून वडीलधारे म्हणतात, आणि मुलें दार लावून घेतात. त्या मंडळींस एक विनंती. याच यादवकुळांतील सिंघणराजाच्या पदरीं, देवगिरीस, तेराव्या शतकांत शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' रचिला. त्याचें घराणें मूळचें काश्मीरचें. ग्रंथांत द्रुत, मध्य, विलंबित या लयींचें विवेचन आहे. शिवाय रागांमध्यें तुरुष्कतोडी व तुरुष्कगौड हींही नांवें आहेत. परका स्वर शास्त्रांत घेण्यास त्यास संकोच वाटला नाहीं.

सर्वच मिश्रण उत्तम, असें नव्हे. यंत्राचा ठेका अचूक खरा. पण तेंच आवर्तन पुनःपुन्हा आलें म्हणजे गवयाच्या श्वासाची उणीव भासते. ती पारख कानानें करावी. ऐकण्यापूर्वीं निकाल देऊं नये. मुलांचें आपण ऐकिलें, तर आपला विलंबित ख्यालहि तीं ऐकतील.