गाडी डावीकडे ओढते

"गाडी डावीकडे ओढतेय गं," असं बाबा पहिल्यांदा म्हणाले ते दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी. मी पोळ्या लाटत होते. "नवीन आहे बाबा, सवय होईल," असं म्हणून मी पुढची पोळी तव्यावर टाकली.

ते उत्तर अजून माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून आज हे लिहायला बसले.

तर झालं असं. आमची जुनी मारुती ८०० एकदाची निकालात निघाली आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर नवी कोरी गाडी दारात आली. झेंडूचा हार, नारळ, चारी चाकांखाली चार लिंबं, सगळं साग्रसंगीत. त्यातलं पुढच्या डाव्या चाकाखालचं लिंबू न फुटताच निसटून गटाराकडे गेलं. मावशीच्या मते पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ तेच! (मावशी, तुझं अगदीच चुकलं नाही. खोट खरंच पुढच्या डाव्या चाकात निघाली.)

बाबा आता ७४ वर्षांचे आहेत. एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये त्यांची ३४ वर्षं गेली. मला गाडी शिकवली तीही त्यांनीच. मी स्टेअरिंग घट्ट आवळून धरायचे, बुडणाऱ्याने काठी धरावी तसं. बाबा म्हणायचे, "अगं, त्याला धरायचं नसतं, त्याच्यावर हात ठेवायचा. गाडी काय म्हणते ते हाताला कळलं पाहिजे." मला ते कधी जमलं नाही. मी अजूनही आवळूनच चालवते.

दिवाळीच्या आधी बाबा बँकेत गेले आणि परत आले तेव्हा डावा आरसा मोडून लोंबत होता. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या टेंपोला घासला होता. चार दिवसांनी सोसायटीच्या वळणावर डावं चाक कठड्याला लागलं. प्रत्येक वेळी डावीकडेच. प्रत्येक वेळी बाबांचं तेच, "ओढतेय गं ती."

मी चालवत होते तेव्हा मला काहीच जाणवत नव्हतं. निगडीहून ऑफिसला जाताना ट्रॅफिकमध्ये ताशी तीसच्या वर गाडी जातेच कुठे? तरी एकदा शोरूमला नेली. तिथल्या सुपरवायझरने गाडी यंत्रावर चढवली, अलाइनमेंट केली आणि एक छापील कागद हातात दिला. सगळे आकडे हिरव्या रंगात. "मॅडम, गाडी एकदम ओके आहे. रस्त्याला उतार असतो ना, त्यामुळे थोडी डावीकडे जाणारच. काकांचं वय काय?"

शेवटचा प्रश्न त्याने अगदी सहज विचारला. तो माझ्या मनात मात्र घर करून बसला.

रात्री दादाला अमेरिकेत फोन केला. तो म्हणाला, "किल्ली काढून घे. उद्या कुणाला लागलं तर?" मला तेच ऐकायचं होतं बहुधा. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी बाबांना सांगितलं, "बाबा, आता तुम्ही गाडी नका चालवू." हिरव्या आकड्यांचा कागदही पुढे ठेवला. बाबांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला, घडी घालून परत दिला. मग उठले, खिशातली किल्ली काढून दारामागच्या खिळ्याला अडकवली आणि पेपर वाचत बसले. वाद नाही, चिडणं नाही. चिडले असते तर बरं झालं असतं.

नंतर ते भाजीलाही रिक्षाने जायला लागले. पुढे पुढे जाईनासेच झाले. मित्रांचा गुरुवारचा कट्टा बुडाला. मी मनाशी म्हटलं, वय झालं की माणूस मंदावतोच.

डिसेंबरात मावसबहिणीच्या घरी वास्तुशांत होती, मुंबईला. एक्सप्रेसवेने निघालो, मी चालवत होते. बाबा शेजारी. घाट उतरून सपाटीला लागलो, रस्ता सरळ, वेग ऐंशीच्या आसपास. पाण्याची बाटली घ्यायला मी एक हात काढला आणि दुसऱ्या हाताची पकड जराशी ढिली झाली. तेवढ्यात गाडी मधल्या लेनमधून सरळ डावीकडच्या ट्रककडे निघाली! ट्रकवाल्याने असा काही हॉर्न वाजवला की मी बाटलीबिटली विसरून दोन्ही हातांनी स्टेअरिंग ओढलं. हृदय कानात धडधडत होतं.

बाबा एवढंच म्हणाले, "पुढे पंप आहे. थांबव."

पंपावर मी पाच मिनिटं नुसती बसून होते. दोन महिने माझा खांदा दुखत होता. मी रोज रात्री बाम चोळायचे आणि फ्रोझन शोल्डर झाला असणार असं सगळ्यांना सांगायचे. तो दुखत होता कारण मी रोज, नकळत, सगळ्या रस्ताभर गाडी उजवीकडे ओढून धरत होते. माझी वाईट सवय गाडीचा दोष झाकत होती. बाबा शहाण्यासारखे हलक्या हाताने चालवत होते, म्हणून तो दोष त्यांच्या नावावर लागला.

परत आल्यावर शोरूमच्या आणखी दोन फेऱ्या झाल्या. दोन्ही वेळा हिरवे आकडे. दुसऱ्या फेरीनंतर तर नवीनच प्रकार. गाडी ओढायची ती ओढायचीच, वर सरळ रस्त्यावर स्टेअरिंग तिरकं दिसायला लागलं.

शेवटी मी बाबांसमोर जाऊन बसले. "तुम्ही वर्कशॉपमध्ये काय केलं असतं?"

ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "रविवारी पहाटे निघू. पंक्चरवाल्याला सांगून ठेव."

रविवारी सहा वाजता आम्ही एका रिकाम्या रस्त्यावर. आधी बाबांनी चारी चाकांची हवा तपासायला लावली, कारण ज्या बाजूला हवा कमी त्या बाजूला गाडी ओढते. हवा सारखी होती. मग गाडी थोडी पळवून उतरले आणि चारी रिमच्या जवळ हात नेऊन पाहिला. एखादा ब्रेक अडकत असेल तर ते चाक जास्त तापतं. तसं काही नव्हतं. मग रस्त्याची पाळी. रस्ता मधे उंच आणि कडांना उतरता असतो, पाणी वाहून जावं म्हणून. आपण डावीकडून चालवतो, तेव्हा गाडी किंचित डावीकडे उतरते हे सुपरवायझरचं म्हणणं खोटं नव्हतं. बाबांनी गाडी शेजारच्या मोकळ्या मैदानावर घ्यायला लावली. "आता सपाटी आहे. हळू चालव, बोटं नुसती टेकव." गाडी डावीकडेच!

मग पंक्चरवाल्याला उठवलं. (त्याने आम्हाला मनात काय म्हटलं असेल ते देव जाणे.) पुढची दोन चाकं आलटून पालटून लावली. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे, बाकी कशाला हात नाही. पुन्हा मैदान.

गाडी उजवीकडे जायला लागली.

बाबा मोठ्याने हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. "अलाइनमेंट बरोबरच असेल गं त्यांची. टायर वाकडा आहे."

गोल, काळा, कोरा टायर वाकडा कसा? शेजारच्या टपरीवर चहा घेतला तेव्हा बाबांनी रिकामा कागदी कप आडवा करून टेबलावर लोळवला. कप सरळ गेला नाही, गोल वळून परत आला. एक तोंड मोठं, एक लहान, म्हणून. टायरच्या आत तारांचे पट्टे असतात. कारखान्यात ते एखाद्या सुताइतके एका बाजूला सरकले, तर टायर डोळ्यांना गोल दिसतो पण रस्त्यावर या कपासारखा चालतो. अलाइनमेंटचं यंत्र चाकाचे कोन मोजतं. टायरच्या पोटात काय आहे हे ते मोजतच नाही. म्हणून आकडे हिरवे आणि गाडी डावीकडे. दोन्ही खरं.

दोघांतला खोटा कोणता, हे स्टेपनीने सांगितलं. आमची स्टेपनी इतर चाकांएवढीच आहे, हे नशीब. एका जागी लावून पाहिली, ओढ तशीच. दुसऱ्या जागी लावली आणि गाडी सुतासारखी सरळ. जे चाक बाहेर निघालं ते मुळात पुढचं डावं. शोरूमवाले म्हणाले, "मागे टाकून देतो, जाणवणार नाही." बाबांनी मान हलवली. पुढे कधी चाकं फिरवली की तो टायर परत पुढे येणारच. टायरची हमी टायरच्या कंपनीकडून असते. तिकडे अर्ज केला, त्यांचा माणूस येऊन पाहून गेला आणि तीन आठवड्यांनी टायर बदलून मिळाला. स्टेअरिंगही सरळ करून घेतलं. माझा खांदा आपोआप बरा झाला.

आता खरं सांगायचं ते. मी बाबांची माफी मागितली का? शब्दांत नाही. मी किल्ली खिळ्यावरून काढून त्यांच्या चष्म्याच्या घराशेजारी ठेवली. ती तिथे चार दिवस तशीच पडून होती. ते चार दिवस मला फार लांब वाटले. पाचव्या दिवशी, गुरुवारी, किल्ली जागेवर नव्हती. कट्ट्याहून बाबा साडेसातला परत आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "अंधारात समोरचे दिवे डोळ्यांवर येतात आता. रात्रीची मी नाही चालवणार. दिवसाची चालवेन."

मी "बरं बाबा" म्हटलं. या वेळी कुठला कागद पुढे केला नाही.

एक दिवस असा येणार आहे की दिवसाचीही नाही. मला वाटत होतं की तो दिवस मला ओळखावा लागेल आणि त्यांना सांगावा लागेल. पण ज्या माणसाला चाकातला सुताएवढा फरक हाताला कळतो, त्याला स्वतःतला कळणार नाही असं मी का धरून चालले? त्यांनी तर पहिल्या आठवड्यातच खरं काय ते सांगितलं होतं. मी पोळ्या लाटत होते.

असो. दादा, वाचतोयस ना? रविवारी बाबांना फोन कर आणि कागदी कपाची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐक. सांगताना ते कप मात्र खरोखर लोळवतात, तेव्हा व्हिडिओ चालू ठेव.